आमची वाटचाल: बिलाचा दिवस

सांगलीत एका गाळ्यात दोन जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही दूध संस्थांचं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) कशीही लिहिली तरी पळायची. सभासदामागे दिवसाला दोन नोंदी, सकाळ आणि संध्याकाळ: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. पुढे संस्था 400 झाल्या. प्रत्येकी शंभरच सभासद धरले तरी वर्षाला 2 कोटी 92 लाख नोंदी. हा गुणाकार आम्ही आधी केलाच नव्हता.

आमच्याकडे बिलं दहा दिवसांची, त्यामुळे 1, 11 आणि 21 तारखेला सगळे एकदम बसतात. सचिवांचे फोन सुरू: "साहेब, नुसतं चाक फिरतंय." मी कर्ज काढून मोठा सर्व्हर घेतला. फरक किरकोळ पडला.

मग एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही क्वेरी आतून कशी चालते ते दाखवणारी आज्ञा चालवून बघितलं (हे फुकट होतं, आणि आधी करायला हवं होतं). पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, एका संस्थेच्या दोन हजार नोंदींसाठी सगळं टेबल वाचत होता. तारखेवर इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, होता. पण आम्ही तारखेला टू-कॅर या तारखेचा मजकूर करणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळून महिना जुळवत होतो, मग तो वापरणार कसा? अट सरळ केली, 1 तारखेपासून 11 च्या आधीपर्यंत. नवा इंडेक्स दोन कॉलमांचा: आधी संस्था, मग तारीख. हा क्रम महत्त्वाचा. उलटा लावला तर त्या दहा दिवसांतल्या सगळ्या संस्थांच्या, म्हणजे आठ लाख नोंदी चाळाव्या लागल्या असत्या.

तो इंडेक्स मी उत्साहाच्या भरात पहाटे सहाला टाकला, ऐन संकलनात. साधा क्रिएट इंडेक्स पूर्ण होईपर्यंत टेबलात नवी नोंद जात नाही. फॅट मशीन आकडा दाखवतंय, नोंद अडकलेली, बाहेर किटल्यांची रांग. एका सचिवांनी सरळ वही काढली आणि हातानं लिहायला लागले. त्या दिवशी खाल्लेल्या शिव्या रास्तच होत्या. आता इंडेक्स दुपारी, आणि कॉन्करंटली (नोंदी न थांबवता) घालूनच. वेळ जास्त लागतो, मध्येच फसला तर इनव्हॅलिड (निकामी) इंडेक्स मागे राहतो, तो काढून परत करायचा.

नंतर न वापरले जाणारे इंडेक्सही उडवले, कारण प्रत्येक नोंदीला त्यांचाही भार असतो. जुनी वर्षं पार्टिशनमध्ये (टेबलाच्या तुकड्यांत) वेगळी केली.

सर्व्हरचे हप्ते अजून चालू आहेत. त्या सचिवांची वहीसुद्धा टेबलावरच असते.