धरण राहिलं, डिस्ट्रिब्युटर सापडला

आज नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर जायचं होतं. गेलो कुठवर, तर घरासमोरच्या कोपऱ्यापर्यंत! रात्रभर पाऊस, आणि सकाळी आमची जुनी पेट्रोल जीप दोन आचके देऊन बंद. पेट्रोल येतंय, बॅटरी ठणठणीत, म्हणजे गडबड करंटची.

डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग) उघडला, तर आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काळे पडलेले. पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने ०.५ मिमी गॅप लावला. ढिम्म. द्वारकेपर्यंत भिजत जाऊन नवा कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणारा) आणला, तरी ढिम्म. मग सुचलं, की कॉइलची (बॅटरीच्या करंटपासून ठिणगी तयार करणारी) वायर इंजिनच्या ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारावा. चांगली निळी ठिणगी! म्हणजे गडबड त्याच्या पुढे. (हे आधी करायचं असतं, माहीत आहे.) प्लगच्या वायरी पुसून लावताना दोन आणि तीनची अदलाबदल केली. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) १-३-४-२ तोंडपाठ आहे हो, पण सायलेन्सरमधून असा बार उडाला की समोरच्या काकू, "दिवाळी आली का रे?"

शेवटी सातपूरच्या मिस्त्रींना फोन. "भाऊ, अंधार पडू द्या, मग बोनेट उघडून सेल्फ मारा."

साडेसातला लाइट घालवून पाहिलं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळी रेघ नाचत होती! केसाएवढी चीर, तिच्यात ओल आणि कार्बन. ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळ काढत होती. हीच कॅप दिवसभरात चार वेळा पुसली होती मी.

डब्यातली जुनी कॅप बसवली, अर्ध्या सेल्फला चालू. कॉलेज रोडला चक्कर मारून आलो. मिसळ संपली होती.