वय झालंय म्हणे

कालपासून ते एकच वाक्य डोक्यात फिरतंय. 'वय झालंय हिचं, काढून टाका आता.' मी फक्त टेंपरेचरचा काटा चढतो एवढंच सांगितलं होतं, तर गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय म्हणून जाहीर केलं, वर एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला. घरीही सगळ्यांनी मान डोलावली. दादा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं, पण जाऊ दे.

गॅस्केट गेलं असतं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झाला असता ना? बाटलीतली पातळी जागची हललेली नाही, ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. आणि काटा चढतो कधी, तर हेडलाइट लावले की, बंद केले की लगेच खाली. इंजिनातलं पाणी असं क्षणात तापून क्षणात निवतं का कधी? हे कोणी विचारलंच नाही. वय बघितलं आणि निकाल दिला. रात्री फार एकटं वाटलं, आपण धरून ठेवलेलं सगळंच लोकांना भंगार वाटतं की काय.

सकाळी मल्टिमीटर घेऊन खाली गेले. हेडलाइट चालू ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल बॉडीच्या पत्र्यावर. ०.२ व्होल्टच्या आत यायला पाहिजे तिथे ०.७! बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर, जिच्यातून करंट परत जातो, बोल्टखाली गंजलेली. हेडलाइटचा करंट त्या गंजातून परत जाताना डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थचं व्होल्टेज वर उचलतो, टेंपरेचर सेन्सरचा अर्थ मात्र इंजिनावर, म्हणून काटा उगाच चढतो. बॅटरीची वायर सोडवून पॉलिश पेपरने सगळं घासलं, आवळलं, वरून व्हॅसलीन. आता लाइट लावले तरी काटा जागेवर.

वय झालंय हे खरंच आहे की. १९९९ चं मॉडेल, कोकणातले पावसाळे काढलेत, पत्रा गंजणार, रबर कडक होणार, आणि हे मान्य करताना आता तेवढं टोचत नाहीये. पण वय झालंय म्हणजे नक्की काय बिघडलंय, ते तरी सांगा ना.

ट्रॅफिकमध्ये काटा अजून थोडा वर येतोच, हायवेला नाही. एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरतो, म्हणजे मोटर ठीक आहे, संशय थर्मोस्विचवर, म्हणजे पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचवर. उद्या इंजिन गार असताना त्याचा कनेक्टर काढून दोन्ही पिना वायरने जोडून बघते, फॅन लागला तर स्विच बदलायचा, नाही लागला तर पुढे रिले (फॅनला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) आणि वायरिंग.