भीमाशंकरच्या अंधारातला भुंगा

मराठीत आपण 'भुंगा' हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. नारळाच्या शेंड्यात शिरणारा भुंगा, शेणाच्या गोळ्या ढकलणारा भुंगा आणि घराच्या वाशाला गोल भोक पाडणारा काळाकुळकुळीत तोही भुंगाच. यातले पहिले दोन टणक पाठीचे भुंगेरे. तिसरा मात्र मधमाशीच्या कुळातला. त्यालाच भेटायला मार्च महिन्यात मी भीमाशंकरला गेलो होतो. देवदर्शन आणि शेकरू ही घरी सांगितलेली कारणं.

मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण असं करत गाडी वर चढायला लागली, तेव्हाच पहिली भेट झाली. चहाला थांबलो होतो. रस्त्याकडेच्या रुईवर दोन-तीन भुंगे घोंगावत होते. पाठीवर पिवळी लव, बाकी अंग काळं. रुईचे परागकण सुटे नसतात, चिकट पुड्यांसारखे असतात. त्या पायाला अडकवून एका फुलावरून दुसऱ्यावर न्यायला असा दणकट गडीच लागतो. शेतातल्या तागाचंही तेच. त्याच्या फुलाची मिटलेली पाकळी दाबून उघडायला वजन हवं.

या पिवळ्या पाठीवाल्यांनी अभ्यासकांना बराच छळ दिला आहे. लिनियसने 1758 साली नाव दिलेली एस्टुआन्स आणि स्पिनोलाने 1838 साली नोंदवलेली प्युबेसेन्स या दोन जाती जुन्या लिखाणात सर्रास एकमेकींच्या नावाने वावरल्या. माद्या दिसतात सारख्या, आणि नर तर मादीचा कोणी लागत नाही असा पिवळाधमक. कपाटात टाचणीला लावलेले नमुने बघून नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे ओळखायचं म्हणजे लग्नाच्या फोटोतून जोडपी ओळखण्यासारखं आहे.

वर्गीकरणाचा सांगाडा तसा सोपा आहे. मधमाशीचं जे कुळ, एपिडी, तेच यांचं. त्यात या सगळ्यांची मिळून एकच प्रजाती, झायलोकोपा, म्हणजे लाकूड कापणारी. हे नाव लात्रेयचं, 1802 सालचं. जगभरात सुमारे 400 जाती, त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. खरी मजा उपप्रजातींपासून सुरू होते. तिथे रंगापेक्षा पायाचा आकार, चेहऱ्याची ठेवण, पोटाची घडण हे सगळं बघावं लागतं. आपल्याकडच्या काही माद्यांच्या पोटात पुढच्या बाजूला एक छोटी खोली असते आणि तिच्यात कोळीवर्गातले बारीक किडे मुक्कामाला असतात. मादीबरोबर तेही नव्या घरट्यात जातात. भिंगातून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एसटीच्या टपावर चढलेली माणसं आठवली होती.

देवळापासून थोड्या अंतरावरच्या वाडीत राहायची सोय झाली. जुनं घर, शेणाने सारवलेली ओटी, वर काळे पडलेले वासे. एका वाशाच्या खालच्या अंगाला गिरमिटाने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक होतं आणि त्याखाली जमिनीवर भुशाची छोटी रास. घरच्या आजींना विचारलं, याचा त्रास होत नाही का?

"रोज झाडते की," त्या म्हणाल्या. "लाकूड खाऊन खाऊन किती खाईल मेला."

खात नाही, एवढंच मी म्हणालो. लाकूड तिच्या पोटात जात नाही. ती जबड्याने कोरते, थोडा भुसा आतल्या खोल्यांच्या भिंती बांधायला ठेवते, उरलेला बाहेर लोटते. प्रत्येक खोलीत पराग आणि मधाचा एक लाडू, त्यावर एक अंडं. अंडी तरी केवढी! बांबूत राहणाऱ्या ऑरिपेनिस जातीचं अंडं 16 मिलिमीटरच्या पुढे भरतं. किड्यांच्या दुनियेत एवढी मोठी अंडी फार थोड्यांची. साहजिकच ती घालतेही मोजकीच.

"म्हणजे ती बाई आहे?" आजींनी विचारलं. कोरते ती बाईच, आणि नांगीही तिलाच, हे सांगितल्यावर त्या नुसत्या हसल्या. कोरडं लाकूड भेदणारा भ्रमर कमळाच्या कळीत अडकतो, ही आपल्याकडची जुनी उपमा. लाकूड भेदतो म्हणजे तो भ्रमर हाच असणार, यात मला शंका नाही. फक्त त्याला पुल्लिंगी करून आपण सगळं श्रेय भलत्यालाच देऊन बसलो.

पण मी आलो होतो रात्रीसाठी. याच परिसरात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी या भुंग्यांचा अभ्यास केला. वारसाच्या झाडाला रात्री फुलं उमलतात आणि त्यांचं परागण टेन्युइस्कापा ही मोठी काळी जात रात्री येऊन करते, हे त्यांनी 2001 साली मांडलं. पुढे 2008 साली सोमनाथन, बोर्जेस आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ट्रँकबारिका नावाची इथली जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखते. तेवढ्या उजेडात आपल्याला सगळं करडंच दिसतं.

यात नवल का, तर मधमाशीवर्गाचा डोळा मुळात दिवसाचा. रातपतंगाच्या डोळ्यात अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एका जागी गोळा होतो. यांच्यात प्रत्येक भिंगाचा संसार वेगळा. तरी ही बया त्याच डोळ्यांनी अमावास्येला घरी परतते.

नावाचाही एक घोळ आहे. ट्रँकबारिका हे नाव फॅब्रिसियसने 1804 साली दिलं, तमिळनाडूतल्या तरंगंबाडीवरून. तिथे तेव्हा डॅनिश लोकांची वखार होती. पण त्याआधीच, 1787 साली, स्वेडेरसने त्याच गावावरून एका जातीला ट्रँकबारोरम म्हटलं होतं. ती वेगळी, बांबूत राहणारी. शेवटच्या दोन-तीन अक्षरांच्या फरकावर दोन जाती उभ्या आहेत. नावं ठेवण्यात आपणच पटाईत असा माझा समज होता.

अमावास्या साधायची होती, सुट्टी मिळाली अष्टमीला. अर्धा चंद्र डोक्यावर. दहाच्या सुमारास वाडीमागच्या वारसाखाली जाऊन बसलो. गुलाबीसर पांढरी फुलं, दाट वास, आणि थोड्या वेळाने वर घूंऽऽ असा जाड आवाज. चांदण्यासमोरून काळा ठिपका सरकला. टेन्युइस्कापा असावी. ही दिवसाची जात, चांदणं असलं की रात्रीही बाहेर पडते. टॉर्चवर लाल कागद लावला होता, त्याचा उपयोग शून्य. मान मात्र अवघडली.

चंद्र मध्यरात्रीनंतर डोंगराआड गेला. फुलांवरचा आवाज थांबला. मी उठून घराकडे निघालो. वाटेत एक वाळलेलं खोड होतं. त्यावरची भोकं दुपारीच हेरून ठेवली होती. तिथे पोचलो तर हात समोर धरला तरी दिसेना. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मग उजव्या कानाजवळून एक घूं गेली, खोडाशी येऊन अडखळली आणि लाकडाच्या आत शिरून बारीक होत गेली.

रंग दिसला नाही, पाय दिसले नाहीत, फोटो तर नाहीच. अंधार एवढाच पुरावा. तरी वहीत मी ट्रँकबारिका असं लिहिलं, कारण इतक्या काळोखात भोकाचा पत्ता शोधणारी इथे दुसरी कोणी नाही.

सकाळी आजी ओटी झाडत होत्या. "दिसला का भुंगा?"

"ऐकू आली," मी म्हणालो.