तुम्ही विचारलंत म्हणून: पायाखाली तो पाट कसला?

कार्यक्रम संपला की मी सिंथच्या (सिंथेसायझर, विजेवरचा कीबोर्ड) वायरी गुंडाळत असतो आणि कुणीतरी गाठतंच, "सिंथ वाजवताना पायाखाली जेवायचा पाट कशाला घेता हो?" परवा एका काकूंनी तर पाय दुखतात का म्हणून काळजीने विचारलं. तर नाही, तो पाट म्हणजे पेडल आहे, घरी बनवलेलं, आणि ते तीन प्रकारे हलतं. चवडा खाली-वर केला की आवाज लहान-मोठा, पाऊल कडेला कलवलं की फिल्टर उघडतो-मिटतो, म्हणजे आवाज उजळ-मंद होतो, आणि टाच जागेवर ठेवून चवडा फिरवला की व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर.

कशाला म्हणाल तर दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले असतात, नॉब फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून? आपल्या संगीत नाटकातले ऑर्गनवाले पायानेच भाता मारायचे ना, म्हणून तर दोन्ही हात मोकळे. आणि दोन दिशांना हलणाऱ्या पेडलची आयडिया पण माझी नाही, १९५० च्या दशकात फेंडरचं एक पेडल होतं, वर-खाली केलं की व्हॉल्यूम आणि आडवं सरकवलं की टोन, स्टील गिटारवाले वापरायचे. मी फक्त त्यात एक दिशा वाढवली आणि लाकूड स्वस्तातलं घेतलं.

पहिलं पेडल साध्या पॉटवर, म्हणजे नॉबच्या खाली असतो त्या फिरत्या भागावर केलं आणि ते फसलं. पॉट फिरतो साधारण २७० अंश, माझा घोटा आरामात हलतो जेमतेम २५. म्हणजे आर्डुइनो (पेडल वाचणारा छोटा संगणक-बोर्ड) पूर्ण फेरी ० ते १०२३ मोजतो त्यातल्या माझ्या वाट्याला आल्या पंचाण्णवेक पायऱ्या, आणि मिडीला (सिंथला आकड्यांत हुकूम देणारी भाषा) हव्यात १२८, त्यामुळे फिल्टर सरकायच्या ऐवजी जिना उतरल्यासारखा खडखड उतरायचा. गिअर लावून पॉट जास्त फिरवता येतो, गिटारच्या वाह पेडलमध्ये तसंच असतं, पण स्टेजवरची धूळ पॉटमध्ये गेली की खरखर सुरू, आणि तीन-तीन पॉट कोण साफ करत बसणार.

मग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारे) आणले, ४९ई नावाचे, तीन पायांचे, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. हलणाऱ्या फळीला लोहचुंबक चिकटवायचं, सेन्सर खाली पक्का बसवायचा, कशाला काही घासतच नाही. ५ व्होल्ट दिले की चुंबक नसताना तो अडीचच्या आसपास देतो, एक ध्रुव जवळ आला की वर जातो, दुसरा आला की खाली. गंमत अशी की चुंबक सरळ समोरून आणलं तर शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये आकडा एकदम उसळी मारतो, तेच सेन्सरच्या अंगावरून आडवं सरकवलं तर मधला बराच भाग छान सरळ मिळतो. हे कळायला मला दोन रविवार लागले. आणि तिन्ही चुंबकं जवळजवळ ठेवली तर एकाची चुगली दुसऱ्याचा सेन्सर करतो, आवाज वाढवायला जावं तर फिल्टर पण हलतो, म्हणून पाट एवढा रुंद.

आकडा ६३-६४ मध्ये थरथरत राहतो आणि सिंथला उगाच मेसेजचा पाऊस पडतो, तर कोडमध्ये एवढंच सांगितलंय की थोडाफार फरक झाला तर गप्प बस. मिडीत कामांचे नंबर असतात, त्यात आवाज ११ नंबरवर, फिल्टर ७४ वर, व्हायब्रेटो १ वर, संपलं.

खरं डोकं खाल्लं ते पायाने. पेडल तयार झाल्यावर आईला पाय ठेवायला सांगितलं, तिने चाळीस वर्षं पायाचं शिलाई मशीन चालवलंय. तिने डोळे मिटून दोन मिनिटं पाय हलवला आणि म्हणाली, "अरे, हे आत वळतंय पण बाहेर जातच नाही की." मी फळीला तेल देत बसलो, बिजागरी बदलली, आणि मग कळलं की फळी बरोबर आहे, पाऊलच तसं असतं, तळवा आतल्या बाजूला भरपूर वळतो आणि बाहेर थोडासाच. म्हणजे मी मधोमध धरलेला शून्य मुळात मध्ये नव्हताच! आता कोडमध्ये बाहेरची बाजू ताणून घेतलीये, थोडं कलवलं तरी पूर्ण मोजते, आणि शून्याच्या आजूबाजूला थोडी मेलेली जागा सोडलीये, नाहीतर नुसतं खोकलं तरी फिल्टर हलायचा.

आपल्याकडे स्टेजवर चप्पल काढून बसायचं, त्यामुळे विकतच्या पेडलचं खरखरीत रबर अनवाणी पायाला टोचतं. माझ्या पाटावर जुन्या योगा मॅटचा तुकडा आहे. घाम आला तरी पाय घसरत नाही.

"आम्हाला एक बनवून द्याल का" हा पुढचा प्रश्न, तर नाही देणार, कारण माझ्या पायाचं माप तुमच्या कामाचं नाही. स्वतः करा, पण करवत हातात घ्यायच्या आधी खुर्चीत बसून वर्तमानपत्रावर उघडं पाऊल ठेवा, पेन्सिलीने आखा, मग टाच न हलवता चवडा दोन्हीकडे नेऊन तिथेही रेघ मारा. दोन्ही पायांचं आखा. मी फक्त उजव्याचं आखलं होतं आणि फळ्या कापून झाल्यावर लक्षात आलं की सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर माझा उजवा पाय आधीच बिझी असतो.