माळाचं गवत आणि झाडांचे खड्डे

आमचं रान सोलापूरच्या उत्तरेला, नान्नजच्या बाजूचं. वरचा तुकडा पिढ्यानपिढ्या चराईला ठेवलेला. हातभर माती, खाली मुरूम आणि चुनखडी. उंचावर कुसळी, पवन्या; बांधालगत ओल धरते तिथं हरळी माजलेली.

कडुनिंब, चिंच, बोर आणि सीताफळ लावायचं ठरलं तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की केली. सगळा माळ नांगरायचा नाही. हा माळढोकाचा मुलूख, १९७९ साली इथलं अभयारण्य त्याच्यासाठीच झालं. त्या पक्ष्याला मोकळं गवताळ रान लागतं, झाडी नव्हे. शिवाय गवत आहे म्हणून तर उतारावरची माती जागेवर आहे. म्हणून झाडं फक्त बांधाच्या कडेनं आणि विहिरीपाशी.

खरं काम हरळीचं. ट्रॅक्टरचा रोटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) मारावा असं बरेच जण सुचवत होते. पण रोटरनं तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेरातून नवी हरळी फुटते. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, हरळी कापून जात न्हाई, काशा येचाव्या लागत्यात." एप्रिलच्या उन्हात खड्ड्याच्या जागेभोवती साधारण मीटरभर गोल टिकावानं उकरला, काशा, म्हणजे हरळीची मातीतली पेरांची खोडं, हातानं वेचून बांधावर वाळत टाकल्या. वेळखाऊ काम आहे, पण याला पर्याय नाही. कोवळ्या रोपाचं पाणी आणि अन्न गवताची मुळं आधी ओढून घेतात.

खड्डे दोन बाय दोन बाय दोन फूट. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला. चुनखडीचा थर लागला तिथं पहारीनं फोडला, नाहीतर मूळ तिथंच अडतं आणि पाणीही साचतं. मग खड्डे मे अखेरपर्यंत उन्हात तापू दिले. गवताळ जमिनीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असतेच. उकरलेल्या अळ्या मैना आणि बगळे टिपत होते. भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड. कच्चं शेणखत घालूच नये, त्यावर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. मुरूम खड्ड्यात परत न टाकता उताराच्या बाजूला चंद्रकोरीसारखा बांध घातला, म्हणजे वाहतं पाणी रोपाशी थांबतं.

लागवडीची घाई केली नाही. आपल्याकडे मृगात एखादी सर येते आणि मग पाऊस ओढ देतो. भरवशाचा पाऊस बहुतेक सप्टेंबरचा. तोवर भरलेली माती खाली बसली, तिच्यावर पुन्हा भर घातली. बोराचं मात्र बी जागेवरच टोकलं, कारण त्याचं सोटमूळ पिशवीत वळतं.

आता आळ्याबाहेरचं गवत फुलोऱ्याआधी कापून आळ्यात अंथरतो, खोडापासून चार बोटं लांब. पहिली दोन वर्षं आळ्यात हरळी दिसली की उपटायची. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण विहिरीपाशी झालंय, बांधाकडचं बाकी आहे.