पुन्हा लग्न केलंय का?

नोव्हेंबर म्हणजे बँकेतल्या आमच्या पेन्शन डेस्कला नुसती जत्रा. हयातीचे दाखले. लोकांना वाटतं बोट ठेवलं की झालं, पण म्हाताऱ्या बायकांचं बोट मशीन घेतच नाही, जन्मभर भांडी घासून भाकऱ्या थापून रेषाच गेलेल्या असतात. मी आधी ओल्या फडक्याने बोटं पुसते, किंचित व्हॅसलीन चोळते, परत कोरडी करते, मग अनामिका लावून बघते आणि अंगठा सगळ्यात शेवटी, कारण तोच जास्त झिजलेला. तरी नाही झालं तर मोबाईलवर चेहरा, चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून. आमच्यातले काहीजण तीनदा लाल दिवा आला की "उद्या या" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, ती बाई दोन बस बदलून आलेली असते.

परवाच्या आजी लालबागच्या, वय ७३, नौदलाची फॅमिली पेन्शन. नवरा आयएनएस खुकरीवर होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यातला एक.

दाखला करताना विचारावंच लागतं, मी सवयीने विचारलं, आजी, पुन्हा लग्न केलंय का?

"दरवर्षी ह्याच काय गो विचारतंस? पन्नास वर्षां झाली." मग हळूच, "तो भायर आसा मा?" पासबुक मशीनपाशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ प्लास्टिकची पिशवी धरून उभे होते. दीर. मी हो म्हटल्यावर बोलायला लागल्या, आणि मागची रांग ओरडत असूनही मी थांबवलं नाही.

लग्नाला दीड वर्ष झालेलं. तेव्हा मुंबईत ब्लॅकआऊट, चाळीत काचांना काळे कागद, भोंगा झाला की स्टोव्हसुद्धा बंद. तार आली ती शेजाऱ्याने दार लावून मेणबत्तीवर वाचली. मृतदेह नाहीच. गावाला दर्भाचा पुतळा करून विधी उरकले, बांगड्या फोडल्या, आणि वर्षाच्या आत सासरे मुंबईत हजर, धाकट्या दिराशी पाट लाव म्हणून. दीर पंधरा वर्षांचा, शाळेसाठी यांच्याकडेच राहणारा, वहिनी वहिनी करत मागे फिरणारा.

सासऱ्यांचा हिशोब नियमातूनच आलेला. तेव्हा विधवेने दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद व्हायची, नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू राहायची. शौर्यपदकाच्या भत्त्याला तर दिराची ही अट २०१७ पर्यंत होती. नवरा देशासाठी गेला आणि बायकोने कोणाशी लग्न करायचं ते आपल्या फायली ठरवत होत्या, इतकी वर्षं या डेस्कवर बसून हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, याचा मला त्रास होतोय.

आजींनी नाही म्हणून सांगितलं. खानावळ काढली, गिरणीतले पंधरा गडी जेवायला. ८२ च्या संपात तीही बसली. त्या गड्यांतल्या एकाने लग्नाचं विचारलं होतं, चांगला होता म्हणाल्या. "मनात इलेला, पण पेन्शन गेली तर ह्या पोराचा शिक्षण कोण करतलो?"

ह्या पोराचं म्हणजे त्या दिराचंच.

आता तोच त्यांना दर नोव्हेंबरला घेऊन येतो, पण फॉर्म भरताना काउंटरजवळ कधी येत नाही, पासबुक मशीनपाशीच उभा राहतो. पाटाचं त्याच्या कानावर असणारच. त्या गड्याचं त्याला माहीत आहे का, हे मी आजींना विचारलं नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

"लिव, नाय," आजी म्हणाल्या. मी "नाही" दाबलं.

अनामिका लाल. मधलं बोट लाल. परत पुसलं, व्हॅसलीन लावलं, त्यांचा हात माझ्या हातात धरून करंगळी टेकवली आणि हिरवा दिवा लागला. मेसेज दिराच्या मोबाईलवर गेला, खात्याला नंबर त्याचाच आहे. त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि तिथूनच वहिनीला हात केला, झालं म्हणून.