नव्या समालोचकाचा पहिला हंगाम

ऑक्टोबरमध्ये एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, नवा हंगाम सुरू होतो आणि 32 संघांपैकी कुठल्या ना कुठल्या संघाच्या प्रक्षेपणात समालोचकाच्या खुर्चीवर नवा माणूस आलेला असतो. दुसरा आठवडा उलटायच्या आत चाहत्यांचा निकालही लागलेला असतो. आवाजात दम नाही, नावे चुकतात, गोल झाला तरी अंगावर काटा येत नाही आणि मुख्य म्हणजे आधीच्या समालोचकाची सर याला नाही. असा निकाल देण्याचा अधिकार चाहत्यांना आहे, असे मला मनापासून वाटते. आपल्या संघाचे जवळजवळ सगळे सामने पाहणारा प्रेक्षक त्या संघाला नव्या समालोचकापेक्षा अधिक ओळखत असतो आणि पुढचे सहा महिने तो आवाज त्यालाच ऐकायचा असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. नवखेपणाच्या ज्या चुका सरावाने जातात, त्यांवरून माणसाला फैलावर घेतले जाते आणि ज्या कधीच जात नाहीत, त्यांकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

आइस हॉकीचे धावते वर्णन इतके अवघड का, हे आधी नीट पाहायला हवे. रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. त्यावर दोन्ही बाजूंचे पाच-पाच स्केटर आणि एकेक गोलरक्षक असतात आणि त्यांच्यामध्ये 3 इंच व्यासाचा आणि 1 इंच जाडीचा काळा रबरी पक फिरत असतो. एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण प्रत्येक संघाचे 18 स्केटर गणवेशात तयार असतात, एक तुकडी पाऊणएक मिनिटाच्या वर बर्फावर थांबत नाही आणि ही अदलाबदल खेळ न थांबता होते. म्हणजे समालोचकाची नजर पकवर असताना मैदानावरची माणसेच बदललेली असतात. शिरस्त्राणांमुळे चेहरे दिसत नाहीत, आणि पाठीवरचा आकडा वाचायचा तर खेळाडूची पाठ आपल्याकडे वळण्याची वाट पाहावी लागते.

एक साधा प्रसंग घेऊ. बचावपटू आपल्या गोलच्या मागून पक घेऊन निघतो, मध्यरेषेच्या अलीकडे डावीकडच्या साथीदाराला पास देतो, तो कडेच्या फळीवर पक आपटून पुढे सोडतो आणि तोवर राखीव बाकावरून उडी मारून आलेला तिसराच खेळाडू तो पक घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत शिरतो. हे सगळे चार-पाच सेकंदांत घडते. मुरलेला समालोचक या तिसऱ्या खेळाडूचा आकडा वाचतच नाही. स्केटिंग करताना तो खांदे कसे झुकवतो, काठी उजव्या बाजूला धरतो की डाव्या, वळण कसे घेतो, यावरून त्याचे नाव तोंडात आधीच तयार असते. नवा समालोचक आकडा शोधतो. तो सापडेपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि ती जागा भरण्यासाठी ‘पक आता आत आला आहे’ असे एखादे सामान्य वाक्य येते. त्याच क्षणी आवाज सपाट होतो, कारण डोके नाव शोधण्यात गुंतलेले असते. प्रेक्षकाला काहीतरी खटकते; पण काय ते सांगता येत नाही, म्हणून तो म्हणतो की या माणसात जोश नाही. माझ्या मते जोश नसल्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी खरे तर ओळख पटायला लागणाऱ्या उशिराच्या असतात. ओळख पक्की झाली की तोच आवाज कुणी न शिकवता मोकळा होतो.

कॅनडातले जुने रेडिओ समालोचक फॉस्टर ह्युइट यांना हे फार आधी कळले होते. टोरांटोचे मेपल लीफ गार्डन्स हे सभागृह 1931 मध्ये उभे राहिले, तेव्हा समालोचनाची जागा किती उंचीवर असावी हे ठरवण्यासाठी ते शहरातल्या एका उंच इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांवर जाऊन रस्त्यावरून चालणारी माणसे निरखत बसले, असे सांगितले जाते. कुठून माणसे नीट ओळखू येतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. शेवटी पाचव्या मजल्याची, म्हणजे सुमारे 56 फुटांची उंची त्यांनी पक्की केली आणि छताखाली टांगलेल्या त्या सज्जातून पुढे कित्येक वर्षे कॅनडाने हॉकी ऐकली. ‘ही शूट्स, ही स्कोर्स’ ही त्यांची आरोळी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्या आरोळीच्या आधी पकपाठोपाठ अचूक येणारी नावे कुणी फारशी आठवत नाही.

हे ध्यानात ठेवले तर नव्या समालोचकाच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. फिनलंड, स्वीडन, चेकिया, रशिया, लाटव्हिया अशा देशांतून खेळाडू येतात आणि त्यांच्या नावांचे उच्चार सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावाच्या वेळी त्या खेळाडूंनाच विचारून घेण्याची या व्यवसायात रीत आहे. नोव्हेंबरमध्ये पाहुण्या संघातल्या चौथ्या तुकडीच्या खेळाडूचे नाव चुकले तर मी ते सोडून देईन. आपल्याच संघाच्या बचावपटूचे नाव जानेवारीतही चुकत असेल तर मात्र तो नवखेपणा नव्हे, ते तयारी न करणे आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे न झालेला गोल झाला म्हणून ओरडणे. पक बाहेरच्या बाजूने जाळीवर आदळतो, जाळी फुगते आणि समोरच्या बाजूला उंचावर बसलेल्याला तो आत गेल्यासारखाच दिसतो. अनुभवी समालोचक अशा वेळी पकवर विसंबत नाही. तो गोलरक्षकाची मान, गोलमागचा लाल दिवा आणि पंचाचा हात पाहतो. हा शहाणपणा पुस्तकातून येत नाही. दोन-चार वेळा भर प्रक्षेपणात फजिती झाली की डोळे आपोआप दिव्याकडे वळू लागतात. तीच गत गोलरक्षकासमोरच्या गर्दीत दिशा बदललेल्या पकची. तो कुणाच्या काठीला लागून गेला हे कित्येकदा अधिकृत गुणलेखकालाही नंतर बदलावे लागते, पण नव्या समालोचकाने चुकीचे नाव घेतले की त्याच्या अज्ञानाचा तो पुरावा ठरतो.

आवाजाच्या चढ-उताराबद्दलची तक्रार मला अधिक रास्त वाटते. नवी माणसे पहिल्या पाच मिनिटांतच वरची पट्टी गाठतात, मग खरी संधी आली की चढायला जागा उरत नाही. कॅनडाचे समालोचक बॉब कोल 1969 मध्ये सीबीसी रेडिओवर हॉकी सांगू लागले आणि एप्रिल 2019 मध्ये त्यांनी शेवटचा सामना केला. त्यांच्या वर्णनात प्रेक्षकांचा गलबला आणि त्यांचा आवाज बरोबरीने चढत जायचा. 11 जानेवारी 1976 रोजी फिलाडेल्फियातल्या सामन्यात मॉस्कोचा लष्करी संघ रागाने बर्फ सोडून निघाला, तेव्हा ‘दे आर गोइंग होम’ एवढ्या साध्या शब्दांत त्यांनी ते सांगितले, आणि आज अर्धशतकानंतरही ते लोकांना आठवते. विशेषणांची गरज पडली नाही, कारण घटनाच पुरेशी मोठी होती. हा संयम पहिल्या हंगामात कुणाकडे क्वचितच असतो. गोल झाल्यावर आठ-दहा सेकंद गप्प राहून प्रेक्षागृहाला बोलू देणे नव्या माणसाला फार कठीण जाते, कारण शांतता म्हणजे आपली चूक असे त्याला वाटत राहते. रेडिओवरून आलेल्यांची अडचण आणखी मोठी. तिथे न बोललेले ऐकणाऱ्याला दिसतच नाही, म्हणून प्रत्येक पास सांगावा लागतो. दूरचित्रवाणीवर तेच वर्णन डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी पुन्हा सांगत बसते.

चाहत्यांच्या लक्षात न येणारी सर्वात मोठी गोष्ट मला इथेच दिसते. ज्यांच्याशी तुलना होते त्या थोर समालोचकांचे नवखेपण फारसे कुणी ऐकलेलेच नाही. अमेरिकेतले समालोचक माइक ‘डॉक’ एमरिक यांच्या क्रियापदांच्या वैपुल्याबद्दल आज आदराने बोलले जाते. त्यांनी 1973 मध्ये मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन या छोट्या शहराच्या संघापासून सुरुवात केली, 1977 पासून मेन राज्यातल्या अमेरिकन हॉकी लीगच्या संघाचे सामने केले आणि 1980 मध्ये एनएचएलच्या फिलाडेल्फिया फ्लायर्स संघाकडे आले. सात वर्षांत नावे चुकली असतील, आवाज फाटला असेल, नको तिथे गोल ओरडला गेला असेल. ते सगळे छोट्या गावांतल्या श्रोत्यांपुरते राहिले. 2020 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना आठवत होते ते घडून तयार झालेले एमरिक. आजही नवे लोक छोट्या लीगमधूनच येतात, पण त्यांची एकेक चूक पुढचा फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणे, होण्याआधी कापून हजारो लोकांपर्यंत पोहोचवली जाते. एखाद्या मंगळवारच्या रात्रीची घसरण त्यांच्या नावाला कायमची चिकटते.

शिवाय रिकाम्या खुर्चीवर बसणे आणि कुणाच्या तरी खुर्चीवर बसणे यांत फरक आहे. बफेलोमध्ये रिक जेनेरेट यांनी 1971 पासून 2022 पर्यंत तिथल्या सेबर्स संघाचे सामने सांगितले. 1993 मध्ये ब्रॅड मेच्या अतिरिक्त वेळेतल्या गोलवर त्यांनी दिलेली ‘मे डे’ची आरोळी तिथल्या हॉकीप्रेमींच्या तोंडी आहे. तिथे एक शहाणपणाची गोष्ट झाली. त्यांच्या जागी आलेले डॅन डनलेव्ही 2013 पासूनच काही सामने वाटून घेत होते. लोकांना दुसऱ्या आवाजाची सवय हळूहळू लागली आणि जेनेरेट थांबले तेव्हा येणारा माणूस अनोळखी नव्हता. तुलना टळली नाही, ती टळणार नव्हतीच. पण पाया तयार होता. उलट शिकागोत तिथल्या संघाचे समालोचक पॅट फोली 2022 मध्ये निवृत्त झाल्यावर आलेल्या समालोचकाला दोनच हंगाम मिळाले. खुद्द फोलींनाही 2006 मध्ये दूर केले गेले होते आणि 2008 मध्ये परत बोलावले गेले होते, हे त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांपैकी किती जणांना आठवत होते, कुणास ठाऊक. दोन हंगामांत माणूस घडत नाही असे मी म्हणणार नाही, कधीकधी घडतोही. परंतु त्या काळात संघ हरत असेल तर पराभवाचा राग आवाजावर निघतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. 2020-21 च्या हंगामात महामारीमुळे अनेक समालोचक बाहेरगावच्या सामन्यांचे वर्णन स्टुडिओतल्या पडद्याकडे पाहून करत होते. पडद्यावर न दिसणारी अदलाबदल त्यांना कळणे शक्य नव्हते, तरी चुकांचा दोष त्यांच्याच माथी आला.

काही टीकेचा मात्र वर्णनाशी संबंधच नसतो. लीह हेक्स्टॉल यांना 2021 मध्ये ईएसपीएनने एनएचएलच्या राष्ट्रीय प्रक्षेपणासाठी घेतले, तेव्हा त्यांच्यावर जे तुटून पडले त्यांतल्या कित्येकांना बाईचा आवाज हॉकीत नकोच होता. त्यांच्या कामात उणिवा काढता येतील आणि काढाव्यातही. पण आवाज बारीक आहे हा दोष असू शकत नाही. त्या गदारोळात खऱ्या उणिवांबद्दल बोलू पाहणाऱ्या जाणत्या चाहत्यांचेही कुणी ऐकले नाही, हे नुकसान वेगळेच.

नव्या समालोचकांच्या एका खोडीवर मात्र मी पहिल्या दिवसापासून बोट ठेवीन: स्वतःची आरोळी बनवण्याची घाई. ती ठरवून होत नाही. कॅनडातले हरनारायण सिंग 2008 पासून पंजाबीतून हॉकी सांगत होते. 2016 च्या स्टॅनले चषकाच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने पहिल्या सामन्यात निर्णायक गोल केला आणि त्यांनी नुसते त्याचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारले. ते इतके गाजले की पिट्सबर्गच्या विजयोत्सवात त्या पंजाबी चमूला बोलावणे आले. त्यामागे आठ वर्षांचे काम होते, आणि त्या क्षणी बोनिनो सोडून सांगण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

तर मग चाहत्यांनी काय ऐकावे? खेळ कळतो की नाही, हे ऐकावे. बचावातून आक्रमणात होणारा पालट याला आधी जाणवतो की गोल झाल्यावर? पॉवर प्लेमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे एका संघाचा खेळाडू कमी असताना, चार जणांचा बचाव नेमका कुठे फुटला, हे विश्लेषकाला सांगायला तो जागा देतो की त्याचे वाक्य मध्येच तोडतो? आपल्या संघावर शिक्षा झाली की दर वेळी पंचच चुकलेला असतो का? या गोष्टी डिसेंबरमध्ये खटकत असतील तर त्या मार्चमध्येही खटकतील, आणि तेव्हा चाहत्यांनी मोठ्याने बोललेच पाहिजे. तक्रार नेमकी असली तर वाहिनीलाही ती वापरता येते. ‘कंटाळवाणा आहे’ यातून कुणाला काहीच शिकता येत नाही.

वाहिन्यांचा वाटाही कमी नाही. नवा माणूस नेमायचा आणि विश्लेषकाबरोबर त्याला थेट पहिल्या अधिकृत सामन्यात बसवायचे, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. सप्टेंबरातले सराव सामने, ज्यांत नव्या पोरांची गर्दी असते आणि निकालाला किंमत नसते, ते या जोडीला प्रक्षेपण न करता नुसते ध्वनिमुद्रणासाठी करू द्यावेत. दोघांनी एकमेकांच्या वाक्यांत कुठे शिरायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यातून बरेचसे ठरून जाईल आणि ऑक्टोबरमध्ये प्रेक्षकांच्या कानी पडणाऱ्या चुका निम्म्याने नाही तरी बऱ्याच कमी होतील.